अनेक अटी, एक बेरीज

रोजमेळातील प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे पाहिली, तर ती निर्दोष भासते. कायदा मात्र बेरीज पाहतो. आयकर कायद्यानुसार एकाच व्यक्तीस एकाच दिवशी दिलेल्या रोख रकमांची बेरीज 10,000 रुपयांहून अधिक झाली, तर नियमांतील अपवाद वगळता तो सर्व खर्च नफ्यातून वजा मिळत नाही. पूर्वी 20,000 असलेली ही मर्यादा 2017-18 या आर्थिक वर्षापासून निम्मी झाली.

समजा, एका पुरवठादारास सकाळी 6,000, दुपारी 3,500 आणि सायंकाळी 4,000 रुपये रोख दिले गेले. पैसे देणारे हात वेगवेगळे. एकही रक्कम मर्यादेबाहेरची नाही. तरीही बेरीज 13,500 होते. त्याच दिवशी बँकेतून गेलेले 9,000 रुपये मात्र या हिशेबात धरावयाचे नाहीत. म्हणजे नाव, तारीख आणि रोख या तिन्ही अटी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत.

एक्सेलमध्ये 2007 च्या आवृत्तीपासून ‘सम्‌इफ्स’ हे सूत्र हेच कार्य करते. जुने ‘सम्‌इफ’ एकच अट पाळते. नव्या सूत्रात प्रथम रकमेचा रकाना द्यावा. त्यानंतर प्रत्येक अटीसाठी रकाना आणि अट अशी जोडी लिहावी. सर्व अटी पूर्ण करणारी ओळच बेरजेत येते. एक जरी अट चुकली, तरी ती ओळ वगळली जाते.

येथेच सावधगिरी हवी. एकाच पेढीचे नाव दोन प्रकारे लिहिले, तर यंत्र तिला दोन पेढ्या समजते. सर्व रकाने एकाच ओळीपासून एकाच ओळीपर्यंत घ्यावेत. तारखेबरोबर वेळही नोंदली गेली असेल, तर केवळ तारखेची अट जुळत नाही. अशा वेळी सूत्र चूक दाखवीत नाही; निमूटपणे कमी बेरीज देते.

ही बेरीज मार्चअखेर नव्हे, रक्कम हातावेगळी करण्यापूर्वी पाहावी. दिलेली रोख परत येत नाही. उरलेली रक्कम बँकेतून देणे मात्र त्या क्षणी शक्य असते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ गणला आहे. राज्याचा नियम अजाणताही मोडू नये, इतकी जागरूकता श्रावकाच्या पेढीला शोभून दिसते.