प्रोजेक्ट विकत मिळतो, इंग्रजी नाही

(पोस्ट लांब आहे. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यातल्या पालकांनी आणि शिक्षकांनी निदान शेवटचे तीन मुद्दे तरी वाचावेत.)

शाळांच्या तोंडी परीक्षा जवळ आल्या की आपल्याकडच्या स्टेशनरीच्या दुकानांत गर्दी वाढते. आई किंवा बाबा शाळेच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवतात, दुकानदार विचारतो, "कितवी? विषय कोणता?" आणि दहा मिनिटांत रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग आणि वर पारदर्शक कव्हर घातलेला प्रोजेक्ट हातात. इंग्रजीचा असेल तर 'माय फेव्हरेट फेस्टिव्हल' नाहीतर 'सेव्ह वॉटर'. मुलाचं काम एवढंच, की नाव आणि हजेरी क्रमांक लिहायचा. वीसपैकी अठरा मार्क कुठे गेले नाहीत.

मी बरीच वर्षं याच भागात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मुलांनी गटात मिळून एखादं खरं काम करावं आणि ते करता करता इंग्रजी शिकावं, याहून चांगला रस्ता मला तरी सापडलेला नाही. म्हणूनच त्या रस्त्याचं आपण सगळ्यांनी मिळून जे करून ठेवलंय त्यावर बोलायचंय.

आधी थोडा हिशेब.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे त्या वर्षी पहिलीत बसलेल्या मुलांची मुलं आता शाळेत आहेत. मधल्या काळात पुस्तकं बदलली, चित्रं आली, गाणी आली, प्रश्नपत्रिकेची 'कृतिपत्रिका' झाली. मग बाजारात कृतिपत्रिकेची गाइडं आली आणि मुलं कृतीसुद्धा पाठ करायला लागली. देशपातळीवर 'असर'चा २०२२ चा अहवाल सांगतो, की ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता येतात. २०१६ साली हेच प्रमाण २४.७ टक्के होतं. म्हणजे सहा वर्षांत आपण होतो तिथेच. आणि हे फक्त वाचण्याचं झालं. बोलण्याचं तर कुणी मोजतच नाही.

मोजायची सोय मात्र आहे. दहावीला भाषा विषयात ८० मार्क लेखी आणि २० मार्क शाळेच्या हातात. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषांचे हे वीस मार्क काढून टाकले होते. निकाल लागला ७७.१० टक्के. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. अभ्यासक्रमही नवा होता, ते मान्य. पण ओरड झाली, वीस मार्क परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, तेही धरा. तरी हे वीस मार्क आपण मुलांना कशासाठी देतो, हे यातून कळतं. मुलानं बोलावं म्हणून ते ठेवले होते. आपण ते पास होण्याचा टेकू म्हणून वापरतो.

आता मी प्रोजेक्ट कशाला म्हणते ते सांगते. मला त्यात दोन गोष्टी लागतात. एक, मुलांना खरोखर शोधावी लागेल अशी माहिती. दोन, ती माहिती इंग्रजीतच ज्याला द्यावी लागेल असा एक खराखुरा माणूस. दुसरी गोष्ट नसेल तर सगळं नाटक होतं. सगळी मुलं मराठी, बाई मराठी, मग इंग्रजीत बोलायचं कुणासाठी? मुलांना हा प्रश्न पडतो. ती फक्त विचारत नाहीत.

आणि इथे खडकवासल्याचं भाग्य बघा. शनिवार-रविवारी धरणाच्या चौपाटीवर अर्धा देश उतरतो. आयटीत काम करणारी बंगाली, तमिळ, मल्याळी माणसं कणसं खात उभी असतात. एका बाजूला एनडीए, पलीकडे गिरीनगरला डीआयएटी, इकडे १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. नांदेड सिटीत, डीएसके विश्वमध्ये मराठी न येणारे शेकडो शेजारी. इंग्रजीच्या शिक्षकाला आणखी काय पाहिजे?

मागे माझ्या आठवीच्या वर्गाला मी एक काम दिलं. पाच-पाच जणांचे गट, मोठी माणसं सोबत, चौपाटीवर येणाऱ्यांना पाच प्रश्न विचारायचे: कुठून आलात, पाण्यात उतरणार का, धोक्याची पाटी वाचली का, कचरा कुठे टाकणार, इथे काय हवं. मुलांनी वर्गात प्रश्न लिहिले, घोकले आणि गेली. प्रश्न छान विचारले. अडचण पुढे आली. समोरच्यानं भराभर उत्तर दिलं आणि एकाही मुलाला ते कळलं नाही! दहा वर्षं आपण मुलांना उत्तरं द्यायला शिकवतो. विचारायला शिकवत नाही आणि ऐकायला तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनीच मागणी केली, "बाई, 'परत सांगा' कसं म्हणायचं?" 'कुड यू प्लीज से दॅट अगेन?' हे वाक्य त्या वर्षी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी बसलं, कारण त्याची गरज पडली होती.

आणखी एक झालं. वर्गात मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी. तिच्या घरचा धरणावर कणसांचा गाडा. व्याकरणात कायम काठावर पास. पण अनोळखी माणसाशी बोलायला ती घाबरत नव्हती, कारण दर रविवारी ती तेच करत होती. पहिल्या नंबरचा मुलगा घाम पुसत उभा आणि ही पुढे होऊन विचारतेय. त्यानं तिच्याकडून धीटपणा घेतला, तिनं त्याच्याकडून क्रियापदाची रूपं घेतली. गटानं शिकणं म्हणतात ते एवढंच आहे.

आता आक्षेप. मला ते शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत नेहमी ऐकायला मिळतात, आणि सगळे चुकीचे नाहीत.

"गटात एक हुशार मूल सगळं करतं, बाकीचे फुकट मार्क घेतात." खरं आहे. उपाय साधा: गटातर्फे कोण बोलणार ते आधी ठरवायचं नाही. त्या दिवशी चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव येईल तो बोलेल आणि गटाचे मार्क त्यावर. मग हुशार मूल स्वतःच उरलेल्या चौघांना तयार करतं. माझ्यापेक्षा बरं करतं.

"गटात मुलं मराठीतच बोलतात." बोलू देत. ठरवाठरवी, भांडण, वाटणी मराठीत होऊ दे. विचार आपल्या भाषेत पक्का झाला की तो दुसऱ्या भाषेत मांडायला सोपा जातो. फक्त शेवटी जे बाहेर जाईल ते इंग्रजीत हवं: पत्रक, पाटी, मुलाखत, भाषण.

"व्याकरण कच्चं राहील." उलट आहे. पाटीवर चुकीचं वाक्य लागलं तर हजार लोक हसतील, हे कळल्यावर मुलं स्पेलिंग तपासायला डिक्शनरी उघडतात. व्याकरणाचा तास हवाच, पण मुलांच्या कच्च्या मसुद्यातल्या चुका फळ्यावर घेऊन.

"वर्गात साठ मुलं आहेत, पोर्शन कधी संपवायचा?" हा आक्षेप मात्र खरा आणि वजनदार आहे. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं यांत शिक्षकाचे तास जातात. म्हणून दर आठवड्याला नवा उपक्रम काढा, असं मी म्हणत नाही. सत्रात एकच करा, पण खरा करा.

"हे सगळं परदेशी खूळ आहे" असंही काहीजण म्हणतात. अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर लेख लिहिला, बरोबर. पण कामातून शिक्षण ही गोष्ट १९३७ साली वर्ध्यात गांधीजींच्या नई तालीममध्ये मांडली गेली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना त्यांच्या भोवतालातून शिकवलं. आणि अगदी आजचं बघायचं तर आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा. दत्तात्रय वारे गुरुजींच्या या शाळेत मुलंच मुलांना शिकवतात, 'विषयमित्र' पद्धतीनं. २०२५ मध्ये या शाळेला जागतिक पातळीवरच्या वर्ल्ड्स बेस्ट स्कूल प्राइझमध्ये कम्युनिटी चॉइस पुरस्कार मिळाला. सरकारी शाळा आहे ती. मग आपल्याला काय अडचण आहे?

आता एनडीएबद्दल, कारण आपण सगळे त्या भिंतीलगत राहतो. गावातल्या मुलांनी लहानपणापासून कॅडेट पाहिलेत. २०२२ पासून मुलीही आत गेल्या आणि ३० मे २०२५ ला पहिल्या १७ मुली तिथून पास आउट झाल्या. आपल्या किती मुलींनी त्या दिवशी फोटो स्टेटसला ठेवला! पण आत जायची वाट कशी आहे? लेखी परीक्षा ९०० मार्कांची, त्यात २०० मार्क इंग्रजीचे. ते पार केलं की एसएसबी, तेही ९०० मार्कांचं. तिथे गटचर्चा असते, गटानं एखाद्या अडचणीवर योजना आखायची असते, दोर-फळ्या घेऊन अडथळे मिळून पार करायचे असतात, तीन मिनिटांचं भाषण द्यायचं असतं. बोलणं बहुतेक इंग्रजीत. म्हणजे भिंतीपलीकडे जायला जे लागतं ते हेच: चार जणांत मिसळून काम करणं आणि ते इंग्रजीत सांगता येणं. भिंतीअलीकडे आपण मुलांना हाताची घडी घालून एकट्यानं पाठ करायला लावतो आणि प्रोजेक्ट दुकानातून आणतो. बारावीनंतर क्लास लावून ही सवय येत नाही. पैसेवाल्यांची मुलं ती इंग्लिश मीडियमच्या शाळांत पाचवीपासून शिकतात. आपल्या मुलांचं अंतर तिथे पडतं.

विषय कुठून आणायचे? जानेवारी २०२५ आठवा. जीबीएसचे पेशंट सापडायला लागले, त्यातले बरेच नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला याच पट्ट्यातले. सगळ्या शहराला पाणी पाजणाऱ्या धरणाच्या कडेला राहून आपण पाणी उकळत बसलो होतो. जून २०२१ मध्ये यातली बहुतेक गावं महापालिकेत आली, तरी पाण्याचा प्रश्न सुटला नव्हता. याहून मोठा प्रोजेक्ट कोणता? मुलांनी आपल्या गल्लीतलं पाणी कुठून येतं ते शोधावं, क्लोरीन तपासायच्या किटवरच्या इंग्रजी सूचना वाचाव्यात, सोसायट्यांतल्या अमराठी शेजाऱ्यांना विचारावं, आणि शेवटी एक पानी इंग्रजी पत्रक छापून ते त्यांच्याच दारात द्यावं. खर्च काही शे रुपयांचा. दुकानातल्या 'सेव्ह वॉटर'पेक्षा फार जास्त नाही.

तर माझं म्हणणं तीन मुद्द्यांत:

१. प्रोजेक्ट घरी द्यायचाच नाही. सत्रात एक, वर्गात, तासाच्या वेळात, चार आठवडे. पाच जणांचा मिश्र गट. सजावटीला शून्य मार्क. खाडाखोड केलेले कच्चे कागद फाइलला लावलेले नसतील तर फाइल घ्यायची नाही.

२. मार्क प्रामाणिकपणे द्यायचे. पहिली ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, तोंडी काम, कृती ही साधनं २०१० पासून आहेत. नवा जीआर लागत नाही. प्रत्येक मुलानं निदान दोन मिनिटं कुणा बाहेरच्या माणसापुढे इंग्रजीत बोलावं आणि मार्क त्यावर द्यावेत. अडखळलं तरी चालेल, गप्प बसणं चालणार नाही.

३. गावानं वेळ द्यावा. निवृत्त अधिकारी, संशोधक, सोसायट्यांतले इंजिनिअर, कॉलेजची मुलं, ज्यांना महिन्यातून एक तास आहे त्यांनी शाळेत येऊन फक्त मुलांचं ऐकावं. भाषण देऊ नये! शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या पालकांनी पुढच्या बैठकीत पोषण आहार आणि पत्र्याच्या शेडसोबत हाही विषय घ्यावा. नगरसेवकांनी वह्यावाटपाच्या फोटोऐवजी चांगल्या शब्दकोशांचा एक संच द्यावा.

पालकांना एक हात जोडून विनंती. या वर्षी पोरगं वाकडीतिकडी अक्षरं काढून, चुका करून, चिखलाचे पाय घेऊन घरी आलं तर त्याला रागवू नका आणि दुकानातही जाऊ नका. "आज कुणाशी बोललास?" एवढं विचारा.

आपल्या भागातल्या ज्या शाळेत असं काही खरोखर चालू असेल, त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा. बघायला यायची माझी तयारी आहे. आणि जे महिन्याला एक तास देऊ शकतात त्यांनीही लिहा. नावं जमली की शाळांशी मी स्वतः बोलते.