इंजिन वाढवताय, पण एक्सलचं काय?

काल परत एका पोराचा फोन. "काका, जिप्सीत बलेनोचं इंजिन बसवायचंय, चांगला फिटर सांगा." मी विचारलं, मागचा एक्सल? म्हणाला, "ते नंतर बघू, बजेट नाही." हे 'नंतर बघू' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून आज जरा लांब लिहितोय.

चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं हेच केलं, आणि उद्यमनगरात ते इंजिन बसवताना मी शेजारी उभा होतो. कोकणातून परत येताना करूळ घाटात एका वळणावर त्यानं पहिला टाकला, क्लच सोडला आणि मागचा हाफ शाफ्ट तुटला. इंजिन ओरडतंय आणि गाडी मागं सरकतेय. गिअरमध्ये असून धरत नाही, कारण इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला. नुसत्या ब्रेकवर ती कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागं मोटरसायकलवर एक जोडपं होतं. त्यांनी वेळेवर बाजूला घेतलं. नसतं घेतलं तर?

आता साधा हिशेब. जिप्सी किंगचं १.३ लिटरचं इंजिन १०३ न्यूटन मीटर टॉर्क देतं, बलेनोचं १.६ लिटरचं १३०. म्हणजे पीळ चौथाईनं वाढला. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून तोच पीळ दहापटीहून जास्त होतो आणि शेवटी सगळा येतो बोटभर जाडीच्या शाफ्टवर. वर पोरं मोठे टायर घालतात, म्हणजे शाफ्टवर आणखी जोर. पण शाफ्ट कंपनीनं ज्या इंजिनासाठी दिला, तोच राहतो.

आणि 'बजेट नाही' हे कारण मला पटत नाही. गोल शाफ्टची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनानं वाढते. शाफ्ट १० टक्के जाड केला तर ताकद ३३ टक्के वाढते. जड गाडीचा जुना पण सरळ एक्सल भंगारातून शोधून आणला, तर खर्च इंजिनाच्या निम्मासुद्धा होत नाही. अमेरिकेत मस्टँगवाल्यांनी हेच केलं. १९८५ च्या व्ही-एट मस्टँगला साडेसात इंची डिफरन्शियल होतं, १९८६ पासून ८.८ इंची आलं. जुन्या गाडीवाल्यांनी भंगारातल्या नव्या मस्टँगचा एक्सल काढून आपल्या गाडीखाली लावला. स्वस्तातली मजबुती तिथं अशी आली.

पण भावांनो, एक्सल बदलणं म्हणजे चार नट आवळणं नव्हे. रुंदी जुळली पाहिजे, चाकाचे बोल्ट जुळले पाहिजेत. पाट्याची बैठक वेल्ड करताना नळी वाकली तर बेअरिंग खाणार. पिनियनचा कोन चुकला तर प्रोपेलर शाफ्ट थरथरणार. पुढचं-मागचं रेशो वेगळं झालं तर फोर-व्हील टाकताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडणार. आणि ब्रेक नव्यानं तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

हे कुणी तपासायचं? इथं माझं खरं भांडण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल म्हणतो, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा बदल चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे गल्लीत कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावणारा आणि जीव वाचावा म्हणून मजबूत एक्सल लावणारा, दोघं एकाच मापात. यातून होतं काय? बदल थांबत नाहीत, ते लपून होतात. लपून केलेलं वेल्डिंग कुणी तपासत नाही.

काही जण म्हणतील, उद्या प्रत्येक वेल्डर इंजिनिअर होईल. भीती खरी आहे. आम्ही केलं तेही बेकायदाच होतं, त्याचं समर्थन मी करत नाही. पण म्हणूनच तपासणी हवी. मंजूर सीएनजी किट बसवून आरसी बुकात नोंद करता येते ना? मग एक्सलला तशी वाट का नाही? ऑस्ट्रेलियात गाडीतल्या बदलांची व्हीएसबी १४ नावाची नियमावली आहे, तिच्यात मागच्या एक्सलला वेगळा विभाग आहे. एआरएआयसारखी संस्था आपल्याकडं पुण्यात १९६६ पासून आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्या सगळ्या देशाला कास्टिंग देतात. अक्कल आहे, हात आहेत. नाही ती फक्त कायदेशीर वाट.

ती मिळेपर्यंत पोरांना एकच सांगणं: एक्सलला पैसे नसतील तर इंजिनालाही नाहीत असं समजा. गाडी आहे तशी चालवा. भाच्याची जिप्सी आता मूळ इंजिनावर आहे. तुटलेला शाफ्ट मी लेथशेजारी टांगलाय. कुणी मोठं इंजिन मागायला आलं की आधी तो हातात देतो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आकडे घेऊन या.