उघडी हिशेबवही

आपण मुलांस चरित्रें सांगतों तीं बहुधा सेनापतींचीं, कवींचीं अथवा शोधकांचीं. जमाखर्च सांभाळणाराचें चरित्र नीरस असावयाचें, असा आपला समज. तो खरा नाहीं, हें नायजेरिया देशाच्या अर्थशास्त्रज्ञ डॉ. एन्गोझी ओकोन्जो-इवेआला यांच्या चरित्रावरून दिसेल.

त्यांचा जन्म १९५४ सालचा. बिआफ्राच्या युद्धांत (१९६७–७०) त्यांच्या आईबापांची सारी पुंजी गेली. पंधराव्या वर्षीं, हिवतापानें फणफणलेल्या तीन वर्षांच्या बहिणीस पाठीवर घेऊन त्या डॉक्टरांकडे चालत गेल्या. गर्दीमुळें दारांतून वाट मिळेना, तेव्हां खिडकींतून आंत शिरल्या. पुढें अमेरिकेंत अर्थशास्त्र शिकून १९८१ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली व जागतिक बँकेंत दीर्घकाळ सेवा केली.

२००३ सालीं त्या नायजेरियाच्या पहिल्या स्त्री अर्थमंत्री झाल्या. भूमींत तेल विपुल, तरी देश कर्जांत बुडालेला! २००५ सालीं पॅरिस क्लब या सावकार राष्ट्रांच्या मंडळाशीं बोलणीं करून त्यांनीं सुमारें ३० अब्ज डॉलरांच्या कर्जापैकीं १८ अब्ज माफ करविले. उरलेले १२ अब्ज देशानें फेडले. इतक्या पैशांत किती शाळा व दवाखाने झाले असते, असा आक्षेप निघाला. तो पोकळ नव्हे. परंतु व्याजांतच ज्याची मिळकत सरते, त्याच्या घरीं मुलांच्या पुस्तकांस पैसा कोठून उरणार?

मला मात्र त्यांचें दुसरेंच एक कार्य अधिक थोर वाटतें. प्रत्येक राज्यास दरमहा केंद्राकडून किती रक्कम मिळाली, हें त्यांनीं वर्तमानपत्रांत छापविलें. ‘आमच्या वांट्याचें काय झालें?’ हें विचारण्याचें साधन त्यामुळें सामान्य माणसाच्या हातीं आलें.

त्यांचें सर्वच साधलें असें नाहीं. त्यांच्या दुसऱ्या कारकीर्दींत, जानेवारी २०१२ मध्यें, पेट्रोलवरील सरकारी सवलत एकाएकीं काढतांच लोक रस्त्यावर आले व सरकारास कांहीं अंशीं माघार घ्यावी लागली. भार ज्यांनीं वाहावयाचा, त्यांची समजूत आधीं पटवावी लागते. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यांच्या वृद्ध मातोश्रींस गुंडांनीं पळविलें व कन्येच्या राजीनाम्याची मागणी केली. पांच दिवसांनीं मातोश्री सुटल्या. कन्येनें पद सोडलें नाहीं. १ मार्च २०२१ रोजीं त्या जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख झाल्या. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री व पहिल्याच आफ्रिकी होत.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गाच्या सहलीची वर्गणी तुमच्या हातीं आली, तर तिचा पैन् पैचा हिशेब फळ्यावर मांडा. पालकांनींही घरचा जमाखर्च मुलांपासून झांकून ठेवूं नये. उघड्या वहीची संवय लहानपणीं लागली, तरच मोठेपणीं ती मागण्याचें व दाखविण्याचें धैर्य येतें.