पक्ष्याचे चित्र विज्ञानाच्या वहीत हवे

पक्ष्याचे चित्र काढायचे ते चित्रकलेच्या तासाला, असा आपला समज असतो. माझे मत वेगळे आहे. ते विज्ञानाच्या तासाला काढावे; आणि तेही पुस्तकातून न उतरवता, झाडावरचा पक्षी पाहून.

तुम्ही म्हणाल, मोबाईलने छायाचित्र क्षणात निघते, मग ही उठाठेव कशाला? छायाचित्र हा चांगला पुरावा आहे, यात शंका नाही. पण त्यात एकच पक्षी, एकाच क्षणी, एकाच उजेडात दिसतो. निसर्ग-अभ्यासक चित्रकार अनेक पक्षी निरखतो आणि त्या जातीची खूण स्पष्ट दिसेल असे चित्र रंगवतो. म्हणूनच ग्रिमेट व इन्स्किप दांपत्याच्या १९९८ सालच्या ग्रंथात भारतीय उपखंडातील पक्षी चित्रकारांकडून रंगवून घेतलेले आहेत. गोव्याचे कार्ल डिसिल्वा हे त्यांपैकी एक.

खुणेचे मोल किती असते पाहा. रानपिंगळ्याचा नमुना १८८४ नंतर शास्त्रज्ञांना मिळाला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा दिसला. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. हा फरक ज्याच्या डोळ्यांत बसलेला नाही, तो ‘पिंगळाच तर आहे’ म्हणून पुढे जाईल.

आता कामरगावच्या शिवारात तारेवर बसलेला नीलपंख घ्या. बसलेला असताना तो मळकट तपकिरी वाटतो. उडाला की पंखांतले गडद व फिकट निळे पट्टे झळकतात. पण त्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश अधिक परततो. पीस कुटून पूड केली, तर निळाई जाते. तुमच्या पेटीतला निळा रंग मात्र तांबडा-पिवळा प्रकाश शोषून निळा दिसतो. जलरंगाचा पातळ थर पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून जाऊन कागदावरून परततो. म्हणून पांढऱ्या जागी कागद कोराच सोडतात. एका चित्रात प्रकाशशास्त्राचे दोन धडे झाले!

शिक्षकांना माझी विनंती आहे, की गुण सुबकपणाला न देता नोंदीच्या खरेपणाला द्यावेत. चोच केवढी, ठिपके कोठे, शेपटी किती लांब. शेजारी तारीख, वेळ, ठिकाण. आणि विद्यार्थ्यांनो, जे दिसले नाही ते अंदाजाने रंगवू नका. ती जागा कोरी ठेवा, आणि उद्या पुन्हा पाहायला जा.