भागाकारात न मावणारा झहीर

श्रीरामपूरच्या झहीर खानबद्दल नगर जिल्ह्यात दोन टोकांची मतं ऐकू येतात. एकाला तो ‘आपल्या मातीतला’ म्हणून थोर वाटतो, तर दुसऱ्याला आकडे पाहून बेताचा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. झहीर जन्मला श्रीरामपुरात, पण क्रिकेटचे धडे गिरवले मुंबईत सुधीर नाईक यांच्याकडे, वेगाला वळण लागलं चेन्नईच्या एमआरएफ अकादमीत, आणि रणजीचं दार उघडलं बडोद्यानं. माती बिचारी काय करणार? दुसऱ्याशी मात्र नीट भांडायला हवं, कारण त्याच्या हातात पुरावा आहे.

त्याचा पूर्वपक्ष असा : ९२ कसोटींत ३११ बळी खरे, पण सरासरी ३२.९४. शरीर सतत कुरकुरणारं. शिवाय २००३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात दिलेल्या १५ धावा. याला थोर कसं म्हणायचं?

आधी सरासरी. २००६पूर्वीचा झहीर वेगाच्या जिवावर खेळायचा. संघातून वगळल्यावर तो वूस्टरशायरकडून कौंटी खेळला, त्या हंगामात ७८ बळी घेतले आणि रन-अप आखूड करून परतला. या दोन झहीरांची बेरीज करून भागाकार केला, की तिसराच निघतो. तो मैदानात कधी उतरलाच नव्हता! त्यातही त्याचे दोन तृतीयांश बळी परदेशातले आहेत. घरच्या खेळपट्ट्यांवर सामने फिरकीच जिंकून देत होती.

दुखापतींचा आक्षेप तर आक्षेपकावरच उलटतो. २०११ला लॉर्ड्सवर १३.३ षटकांत १८ धावांत २ बळी घेऊन झहीर पहिल्याच दिवशी लंगडत बाहेर गेला, आणि भारत इंग्लंडविरुद्धची ती मालिका ०-४ हरला. ज्याच्या नसण्यानं घर कोसळतं, त्याला खांब म्हणतात.

२००३चं ते षटक वाईटच होतं. त्याची वकिली करणार नाही. पण २०११च्या अंतिम सामन्यातला त्याचा पहिला स्पेल बघा : ५ षटकं, ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. शेवटी त्यालाही मार बसला, हे मान्य. तरी त्या स्पर्धेत २१ बळी घेऊन आफ्रिदीबरोबर अव्वल ठरला तो हाच.

आता त्याची खरी कमाई. रिव्हर्स स्विंग होऊ लागला, की धावत येताना तो दुसऱ्या हातानं चेंडू झाके. चकाकी कुठल्या बाजूला आहे, हे फलंदाजाला चेंडू सुटेपर्यंत कळायचं नाही. २०११च्याच विश्वचषकात अहमदाबादला उपांत्यपूर्व सामन्यात माइक हसीचा त्रिफळा उडाला तो नकल बॉलवर, म्हणजे बोटांच्या पेरांवर धरून टाकलेल्या संथ चेंडूवर. २००७ला ट्रेंट ब्रिजवर, तो फलंदाजी करत असताना क्रीजवर जेली बीन्स टाकून इंग्लंडच्या खेळाडूंनी त्याला डिवचलं. त्यानं दुसऱ्या डावात पाच जणांना बाद केलं. इंग्लंडमध्ये १९८६नंतरची पहिली कसोटी मालिका भारतानं जिंकली.

इटलीचा फुटबॉलपटू आंद्रेआ पिर्लो याची थोरवी कुणी त्याच्या गोलांवरून ठरवत नाही. मधल्या फळीतून सामना कसा चालवला, हे पाहतात. झहीरलाही तोच न्याय लावा. वेग तरुणपणी अनेकांकडे असतो. वगळलं गेल्यावर आपली गोलंदाजी नव्यानं बांधायची धमक फार थोड्यांकडे असते, आणि नगरच्या पोरांनी अभिमान बाळगावा तो या धमकेचा.