कोचीचा मुक्काम आणि धर्मशाळेचे विस्मरण

केरळच्या सहलीला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत कोची या शहराच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. मुन्नारचे चहाचे मळे, ठेक्कडीचे अरण्य आणि आलप्पुळाच्या नौका यांना रात्री द्यायच्या आणि विमान अथवा आगगाडी गाठण्यापूर्वी उरलेल्या चार तासांत कोची ‘उरकायची’, असा सर्वसाधारण रिवाज आहे. बस फोर्ट कोचीला थांबते. चिनी जाळ्यांसमोर छायाचित्रे निघतात, वास्को द गामाला जेथे पुरले होते ते सेंट फ्रान्सिस चर्च पाहिले जाते, मसाल्याच्या दुकानात खरेदी होते आणि बस निघते. एवढ्यावर ‘कोची पाहिली’ असे म्हणता येईल काय?

वस्तुतः हे शहर सावकाश पाहण्याचे आहे. युरोपीय सत्तांचा उदयास्त येथे पावलागणिक दिसतो. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला उभारला, १६६३ मध्ये तो डचांनी घेतला आणि १७९५ मध्ये इंग्रज आले. परंतु वाटाड्याची कथा गामापासून सुरू होऊन इंग्रजांपाशी संपते, आणि या सत्तांच्या सावलीत जे समाज टिकून राहिले त्यांची कथा मागे पडते. ती ऐकायची तर फोर्ट कोचीहून मट्टांचेरीपर्यंत पायी जायला हवे.

मट्टांचेरीचा राजवाडा १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाला बांधून दिला. पुढे डचांनी त्याची डागडुजी केल्यामुळे त्याला ‘डच पॅलेस’ हे नाव चिकटले. नाव परक्यांचे असले तरी आतील भिंतींवर रामायण चितारलेले आहे आणि आवारात राजघराण्याची कुलदेवता पळयन्नूर भगवती विराजमान आहे. तेथून हाकेच्या अंतरावर १५६८ मधील परदेशी सिनेगॉग आहे. पोर्तुगीजांच्या छळाला कंटाळलेल्या ज्यूंना राजाने आपल्या वाड्याशेजारी जागा दिली. ज्या काळात युरोपात ज्यूंना देशोधडीला लावले जात होते, त्याच काळात एक हिंदू राजा त्यांना आपल्या अंगणात वसवत होता, ही गोष्ट प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवी.

मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी अशी कथा याच परिसरात आहे. सोळाव्या शतकात गोव्यात मंदिरे पाडली जाऊ लागली, १५६० मध्ये इन्क्विझिशनचा वरवंटा फिरू लागला, तेव्हा अनेक गौड सारस्वत कुटुंबे देव आणि भाषा बरोबर घेऊन दक्षिणेकडे निघाली. त्यांतील कित्येक कोचीत स्थिरावली. तेथील तिरुमल देवस्वम हे त्यांच्या श्रद्धेचे केंद्र आहे आणि त्या गल्ल्यांत आजही कोकणी कानावर पडते. याच समाजातील रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांनी, तसेच इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने, डच अधिकारी व्हान ऱ्हीड याला मलबारच्या वनस्पतींचे ज्ञान दिले. त्यातून ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. तीन वैद्यांचे १६७५ मधील कोकणी प्रमाणपत्र त्यात देवनागरी लिपीत आहे. छापील देवनागरीच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी तो एक होय. अर्ध्या दिवसाच्या सहलीत यातले काय हाती लागणार?

मुक्काम करावा म्हटले तर प्रश्न खर्चाचा येतो. फोर्ट कोचीतील जुन्या वखारी आणि बंगले यांची आता महागडी हॉटेले झाली आहेत. नांदेडच्या किंवा चिपळूणच्या महाविद्यालयीन तरुणाला तेथील एक रात्रही परवडणारी नाही. त्याला आधार आहे तो घरगुती निवासांचा आणि गेल्या दहा-बारा वर्षांत रुजलेल्या हॉस्टेलांचा. सामायिक खोलीतील एक खाट, सामान ठेवायला कुलपाचे कपाट, सामायिक स्नानगृह आणि चहाच्या वेळी भेटणारे देशोदेशीचे तरुण, एवढाच त्यांचा थाट असतो. बाकीचा प्रवासही आवाक्यातला आहे. कोकण रेल्वेने मुंबईहून थेट एर्नाकुळमला जाता येते, आणि तेथून फोर्ट कोचीला सरकारी बोट अल्प भाड्यात नेते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉटर मेट्रो’नेही ही सोय वाढवली आहे. शुक्रवारी राजवाडा आणि शनिवारी सिनेगॉग बंद असते, एवढे ध्यानात ठेवून दोन रात्री काढल्या तर सारे शहर पायी पाहून होते.

हॉस्टेल ही कल्पना पाश्चात्त्य आहे, असे म्हणून नाक मुरडणारेही आहेत. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला १९०९ मध्ये विद्यार्थ्यांसह वादळात एका शाळेत रात्र काढावी लागली आणि सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा प्रवासी मुलांना का देऊ नयेत, हा विचार त्याला सुचला. त्यातून युवा-निवासांची चळवळ उभी राहिली. परंतु अपरिचित वाटसरूला अल्प मोलात किंवा विनामूल्य छप्पर देणे हे या भूमीला नवे नव्हते. पुण्यश्लोक अहल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत त्याची सोय केली. गाडगे महाराजांनी स्वतः झोपडीत राहून गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. आज त्या परंपरेचे काय झाले? अनेक धर्मशाळांची मंगल कार्यालये झाली, आणि ज्या टिकल्या त्या तीर्थक्षेत्रांपुरत्या. कोचीसारखे शहर तीर्थक्षेत्र नव्हे, म्हणून तेथील वाटसरू वाऱ्यावर!

शासनाच्या धोरणातही सातत्य दिसले नाही. एक हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पूर्वी वस्तू व सेवा कर नव्हता. जुलै २०२२ मध्ये त्यावर १२ टक्के कर लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. ही कपात स्वागतार्हच आहे. तथापि, गरीब प्रवाशाची खाट पूर्ववत करमुक्त करणे हेच न्याय्य ठरेल.

स्वस्त निवासांविषयीचे आक्षेप सर्वस्वी निराधार नाहीत. काही ठिकाणी स्वच्छतेची आबाळ असते, काही ठिकाणी रात्री उशिरापर्यंत धिंगाणा चालतो, आणि घरे पर्यटकांना भाड्याने जाऊ लागली की मूळ रहिवाशांना भाडे परवडेनासे होते. पण त्यावर उपाय आहेत. मुलींसाठी स्वतंत्र खोली, स्वच्छ प्रसाधनगृह आणि शांततेची वेळ या अटी परवान्यातच असाव्यात. मालक त्याच घरात राहत असेल तर पाहुण्यावर आपोआप लक्ष राहते आणि मिळकतही त्याच गल्लीत राहते. घरगुती निवासाचे हेच मर्म आहे.

खरी जबाबदारी मात्र समाजाची आहे. महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांची वसतिगृहे सुट्टीत रिकामी असतात, तशीच ती केरळातही असतात. दोन्हीकडच्या संस्थांनी परस्परांच्या विद्यार्थ्यांना आठवडाभर जागा द्यायचे ठरवले तर नवी वीटही रचावी लागणार नाही. देवस्थानांच्या आणि ज्ञातिसंस्थांच्या विश्वस्तांनीही याचा विचार करावा. राष्ट्रीय एकात्मतेवरील दहा व्याख्यानांनी जे साधत नाही, ते मट्टांचेरीच्या गल्लीत कोकणी शब्द ऐकून थबकणाऱ्या कोकणातल्या मुलाच्या मनात क्षणात साधते. तो क्षण त्याच्या वाट्याला यावा यासाठी त्याला तेथे एक रात्र काढता आली पाहिजे, आणि ती सोय करणे हे आजच्या काळातले धर्मशाळा बांधण्याचेच पुण्य आहे.