अंजनेरीचे फूल आणि पाठीचा कणा

मृगाच्या सरी कोसळून गेल्या आणि त्र्यंबक रस्त्याच्या दोन्ही अंगांचे डोंगर हिरवे दिसू लागले, की नाशिककरांतील एक छोटासा वर्ग सुटीच्या दिवशी पहाटेच कॅमेऱ्याची पिशवी पाठीवर टाकून अंजनेरीची वाट धरतो. धबधबे किंवा कडे हे या मंडळींचे लक्ष्य नसते. गवताच्या मुळाशी उमललेले नखाएवढे फूल, पानाच्या पाठीमागे चिकटलेली किड्याची अंडी, कोळ्याच्या जाळ्यावर स्थिरावलेला दवाचा थेंब, अशा क्षुद्र भासणाऱ्या वस्तूंच्या अगदी सन्निध जाऊन त्यांचे रूप विशाल करून दाखविण्याची विद्या त्यांनी अंगीकारलेली असते. या मंडळींत माझीही गणना होते, आणि आमच्या बैठकीत दर पावसाळ्यात जो विषय हटकून निघतो, तो पाठदुखीचा. भिंगांच्या गुणदोषांवर आम्ही तासन् तास बोलतो. परंतु ज्या कण्याच्या आधाराने ते भिंग फुलापर्यंत न्यायचे, त्याची तजवीज मात्र कोणी करीत नाही. कोणाची कंबर धरते, कोणाच्या पाठीत उसण भरते, आणि हा जणू या छंदावर बसविलेला सरकारी सारा असून तो मुकाट्याने भरलाच पाहिजे, अशा समजुतीने सारे तो सोसतात. ही समजूत मला सर्वस्वी अमान्य आहे.

वस्तू आणि तिची कॅमेऱ्यात उमटणारी प्रतिमा ही दोन्ही एकाच आकाराची व्हावीत इतके जवळ गेले, म्हणजे १०० मिलिमीटरच्या मॅक्रो भिंगाचे तोंड फुलापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर येते, आणि स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी उरते. छायाचित्रकाराने नुसता श्वास घेतला तरी पुंकेसरावर बसविलेली नजर पाकळीवर घसरते. सबब तो कमरेत वाकतो, श्वास रोखतो, कोपरे अधांतरी ठेवून वारा थांबण्याची वाट पाहतो, आणि त्याचे सारे चित्त फुलाच्या ठायी एकवटलेले असल्यामुळे पाठीने मांडलेली तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ती रात्री अंथरुणावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकू येते. आल्फ नाकेमसन या स्वीडिश अस्थिशल्यतज्ज्ञाने १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधील गादीत सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला होता. ताठ उभे असताना तो दाब १०० मानला, तर पुढे झुकून उभे राहिल्यावर तो १५० च्या घरात जातो आणि उताणे निजल्यावर २५ वर उतरतो, असे त्याच्या मापनात आढळले. बसण्याच्या स्थितीविषयीचे त्याचे आकडे पुढील संशोधकांनी तपासून काही अंशी बदलले. पण वाकून उभे राहणे गादीला जड जाते, हा निष्कर्ष कायम राहिला.

त्यातही एक बारकावा असा, की पुष्कळ वेळ वाकून राहिल्याने कण्याचे बंध हळूहळू ताणले जातात आणि उठल्यानंतरही काही काळ ते पूर्ववत होत नाहीत. नेमक्या त्याच अवस्थेत आपण घाईने जड पिशवी उचलतो आणि वळून ती खांद्यावर टाकतो. उसण भरते ती बहुधा या क्षणी, आणि दोष मात्र फुलाला लागतो. पाठ धरल्यावर अंजनेरीच्या पायऱ्या उतरणे काय असते, याचा अनुभव मी घेतलेला आहे.

आता खुद्द अंजनेरीविषयी. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना सुमारे वीस किलोमीटरवर लागणारा हा डोंगर भाविकांना हनुमंताचे जन्मस्थान म्हणून वंद्य आहे. वनस्पतींच्या अभ्यासकांना तो आणखी एका कारणाने मोलाचा वाटतो. खर्चुडीच्या कुळातील, म्हणजे ज्याला आपण कंदीलपुष्प म्हणतो त्या कुळातील, एक जाती येथे सापडली आणि २००६ मध्ये या डोंगराच्याच नावावरून सेरोपेजिया अंजनेरिका असे तिचे नामकरण झाले. कंदीलपुष्पाची रचना पाहिली म्हणजे माणूस जमिनीवर गुडघे का टेकतो, हे सांगावे लागत नाही. खाली फुगीर, वर निमुळती नळी आणि शेंड्याला एकमेकींना जुळलेल्या पाकळ्यांचा पिंजरा. गंधाने ओढल्या गेलेल्या चिमुकल्या माश्या नळीत उतरतात, आतील अधोमुख केसांमुळे त्यांना परत फिरता येत नाही, आणि कालांतराने ते केस कोमेजले की अंगाला चिकटलेले पराग घेऊन त्या बाहेर पडतात. हे केस, ती नळी, हे सारे जवळून टिपण्याची अनावर इच्छा ज्याला होत नाही, त्याने या छंदात पडू नये. अंजनेरी २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाली, ती येथील अशाच दुर्मिळ वनस्पतींच्या रक्षणासाठी.

हे फूल उचलून मेजावर ठेवता येत नाही. तेव्हा माणसानेच त्याच्या पातळीवर उतरले पाहिजे, आणि उतरायचे ते कमरेत वाकून नव्हे, तर सगळे शरीर खाली नेऊन. पालथे पडून कोपरांवर रेलले, की धडाचा भार कण्याऐवजी जमीन उचलते आणि कॅमेराही स्थिर राहतो. येथे मात्र एक गंभीर अडचण उभी राहते. अंजनेरीच्या सड्यावर कातळावर जेमतेम काही इंच माती असते, आणि तेवढ्या मातीत सीतेची आसवे, धनगरी फेटा, दवबिंदू अशा नाजूक वनस्पती दाटीने वाढतात. एका फुलासाठी माणूस आडवा झाला, तर त्याच्या अंगाखाली कितीतरी रोपे चिरडली जातात. आपली पाठ वाचविण्याकरिता ज्याच्या दर्शनास आलो त्याचाच नाश करावा, हे मला कदापि मान्य होणार नाही. म्हणून आडवे व्हायचे ते उघड्या कातळावर किंवा मळलेल्या पायवाटेच्या कडेला, तेथून जे फूल दिसेल तेवढेच टिपायचे, आणि जे त्या हद्दीत येत नाही ते डोळ्यांनी पाहून परत यायचे. दीडशे-एकशेऐंशी मिलिमीटरचे भिंग असेल, तर फुलापासून अधिक अंतर राखता येते आणि पुष्कळ वेळा आडवे पडण्याचीही गरज उरत नाही.

याच मुलखाचे सुपुत्र दादासाहेब फाळके यांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या पुरुषाने १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी जो प्रयोग केला, तो समीप चित्रणाचाच होता. कुंडीत वाटाणा पेरून तिच्यासमोर कॅमेरा मांडावा, आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करीत बीजाचा अंकुर व अंकुराचा वेल होताना दाखवावा, हा तो प्रयोग. 'अंकुराची वाढ' या नावाने तो ओळखला जातो, आणि तो पाहूनच भांडवल देणाऱ्यांचा फाळक्यांवर विश्वास बसला. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते असे, की कॅमेरा एकदा जागेवर बसला म्हणजे नजर धरून ठेवण्याचे काम माणसाच्या स्नायूंकडे राहत नाही. त्याच फाळक्यांची दृष्टी सिनेमाच्या अखंड अभ्यासापायी काही काळ अधू झाली होती, हेही विसरता कामा नये. ध्यासाचा हिशेब शरीर ठेवीत असते.

जागेवर बसविलेल्या कॅमेऱ्याचे हे सुख नाणी टिपणाऱ्यालाही लाभते. अंजनेरीच्या पायथ्याशी नाणकशास्त्राची संशोधनसंस्था १९८० पासून आहे. नाणे टिपणाऱ्याचे भाग्य असे, की मेजाची उंची त्याला आपल्या कोपराप्रमाणे ठरविता येते आणि खांबाला टांगलेला कॅमेरा वरून पाहतो. घरी फुले, दागिने, तिकिटे किंवा जुनी कागदपत्रे टिपणाऱ्यांनी ही सोय अवश्य करून घ्यावी. जमिनीवर पाट मांडून त्यावर तासभर ओणवे होण्याचे काहीच कारण नाही.

डोंगरावर जे करता येते ते थोडे आहे, पण निश्चित आहे. पाय जमिनीसरसे फाकविता येणारी तिवई घ्यावी. ती नसेल तर वाल किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी भिंगाखाली ठेवावी. पालथे पडून मान मागे मोडण्यापेक्षा वळविता येणारा पडदा असलेला कॅमेरा वापरावा, आणि जुन्या कॅमेऱ्यांना काटकोनात पाहण्याचा जोड मिळतो तो बसवावा. मध्यम उंचीच्या झुडपासाठी एक गुडघा टेकून दुसऱ्यावर कोपर ठेवावे. गुडघ्याखाली फोमचा तुकडा किंवा घोंगडीची घडी असावी. उकिडवे बसण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी ती जरूर वापरावी, पण पायांना मुंग्या येईपर्यंत नव्हे. चार-दोन चित्रे झाली की उठावे, हात कमरेवर ठेवून किंचित मागे झुकावे, मग दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहावे, आणि त्यानंतरच पिशवीला हात लावावा. पहाटेची वेळ निवडण्यातही पाठीचा फायदा आहे: गारव्याने चतुर आणि फुलपाखरे जड झालेली असतात, वारा पडलेला असतो, आणि ऊन चढल्यावर ज्या चित्रासाठी दीर्घकाळ ताटकळावे लागते ते थोड्या वेळात हाती येते.

त्याच पहाटे, त्र्यंबक-इगतपुरीच्या खाचरांतून इरली पांघरून भाताची आवणी करणाऱ्या बाया दिसतात. त्या कमरेतून न वाकता खुब्यातून वाकतात, पाठ बरीचशी सरळ ठेवतात, आणि आमच्यासारख्यांनी ते पाहून शिकावे. परंतु त्यांची पाठ दुखत नाही असे मात्र कोणी समजू नये. ती दुखते, आणि त्यांना आमच्याप्रमाणे मधून मधून उठण्याची मुभा नसते. आमचे वाकणे स्वेच्छेचे आहे, म्हणूनच ते सुधारण्याची जबाबदारीही पूर्णपणे आमची आहे.

साधी उसण काही दिवसांत बरी होते, आणि त्या मुदतीत सर्वस्वी निजून राहण्यापेक्षा सोसेल तितके हिंडणे हितकारक, असे आजचे वैद्यक सांगते. मात्र वेदना पायात उतरू लागली, पायाला बधिरता आली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर तेल-शेकावर विसंबू नये, अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. या पावसाळ्यात अंजनेरीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, की पिशवीत नवे भिंग घालण्यापूर्वी घोंगडीची एक घडी घाला, आणि सड्यावर उघडा कातळ किंवा पायवाटेची कड सोडून अंग टेकू नका.